पॉपर : स्वस्त कार्डांच्या फॉरमॅटची प्रकृती

मॅजिक : द गॅदरिंग या खेळातला पॉपर हा फॉरमॅट स्पर्धेच्या दृष्टीने कितपत निकोप आहे, याचे परीक्षण करायचे तर सुरुवातीलाच निर्वाळा देऊन टाकतो. पैसा आणि वेळ घालवण्याजोगा, आणि हरल्यावरही सहसा वैताग न आणणारा असा हा फॉरमॅट आहे. त्यात दोष आहेत, त्यांतला एक मला गंभीर वाटतो, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. परंतु या फॉरमॅटला जे आजार होतात त्यांचे मूळ आणि ते आटोक्यात येण्याचे कारण एकच आहे, ते म्हणजे त्यातली बहुतेक कार्डे मातीमोल आहेत. आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या प्रकृतीचा नीट अंदाज येत नाही, असे माझे मत आहे.

हा खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेला मॅजिक हा आपापला डेक घेऊन खेळायचा खेळ आहे. प्रत्येकाने किमान ६० कार्डांचा डेक बांधायचा, त्यात साध्या लँडखेरीज (लँड म्हणजे माना, अर्थात कार्डे टाकण्याचा खर्च भागवणारी ऊर्जा, देणारी कार्डे) एकाच कार्डाच्या चारपेक्षा जास्त प्रती घालायच्या नाहीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या डावाआधी अदलाबदल करण्यासाठी १५ कार्डांचा साइडबोर्ड जवळ बाळगायचा, आणि समोरच्याचे २० लाइफ शून्यावर आणायचे. कोणत्या काळातली आणि कोणत्या प्रकारची कार्डे चालतील, हे फॉरमॅट ठरवतो. स्टँडर्डमध्ये अलीकडच्या संचांतली कार्डे चालतात आणि जुनी ठराविक काळाने बाद होतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या मॉडर्नमध्ये २००३ पासूनच्या ठरलेल्या संचांतली कार्डे चालतात. पॉपरमध्ये मात्र काळाची अट नाही, अट आहे ती दुर्मिळतेची. पाकिटात सर्वांत जास्त संख्येने निघणारी जी कॉमन कार्डे, तेवढीच येथे चालतात. एखादे कार्ड आज रेअर, म्हणजे दुर्मिळ, म्हणून छापले जात असले तरी पूर्वी एकदा कॉमन म्हणून निघाले असेल तर ते चालते, आणि बंदी घातलेल्या कार्डांची यादी याला अपवाद.

मॅजिक ऑनलाइन या संगणकीय आवृत्तीत पॉपरला अधिकृत मान्यता मिळाली ती २००८ च्या अखेरीस. कागदी कार्डांनी खेळणारे मात्र पुढची दहा वर्षे आपापल्या गावचे नियम लावत होते, कारण संगणकावर कॉमन असलेले कार्ड कागदावर कॉमन असेलच असे नव्हते, आणि उलटही होते. २०१९ च्या जूनमध्ये कंपनीने दोन्ही याद्या एक केल्या आणि कागदी स्पर्धांनाही मान्यता दिली. त्या वेळी हिम टू टूराक, हाय टाइड आणि सिंकहोल या तीन जुन्या कार्डांवर बंदी घालण्यात आली. नवख्या खेळाडूला अजूनही एका गोष्टीचा घोळ होतो. त्याच्या हातातल्या कार्डावर अनकॉमनचे, म्हणजे कॉमनपेक्षा एक पायरी दुर्मिळ असल्याचे, चिन्ह असते आणि ते कार्ड तरीही चालते, कारण ते दुसऱ्या कुठल्यातरी संचात कॉमन म्हणून निघालेले असते. दुकानात यावरून वाद होतात. ते ऑनलाइन यादीत पाहून लगेच मिटतात, पण होतात.

आता प्रकृती कशावरून मोजायची? निकालांचे तक्ते पाहून कोणता डेक किती टक्के जिंकतो एवढेच सांगणारे पुष्कळ लेख निघतात आणि ते उपयोगीही असतात. माझ्या दृष्टीने मात्र तक्त्याच्या आधी पाहण्याची गोष्ट अशी की, समोरच्याने जे मांडले त्याला उत्तर म्हणून वापरता येईल असे कार्ड मला परवडणाऱ्या रंगात आणि वेळेत उपलब्ध आहे का, आणि ते उत्तर दिल्यानंतरही डाव शिल्लक राहतो का. एखादा डेक ५५ टक्के डाव जिंकत असेल पण ते डाव दहाव्या टर्नपर्यंत दोघांनाही विचार करायला लावत असतील, तर माझी तक्रार नाही. ५० टक्केच जिंकणारा पण प्रत्येक वेळी तिसऱ्या टर्नला नाणेफेकीसारखा निकाल लावणारा डेक फॉरमॅटला अधिक घातक असतो, आणि तक्त्यात तो निरुपद्रवी दिसतो.

या कसोटीवर पॉपर चांगला उतरतो. एकीकडे लाइटनिंग बोल्ट आणि चेन लाइटनिंग यांसारख्या एका मानाच्या स्पेलनी (मंत्रांनी) भडिमार करणारा लाल डेक आहे. दुसरीकडे स्पेलस्टटर स्प्राइट आणि निन्जा ऑफ द डीप अवर्स घेऊन टिच्चून खेळणारा निळा फेअरी डेक आहे. त्याशिवाय एल्फ आहेत, बेसिलिस्क गेटवर उभा राहिलेला पांढरा-निळा डेक आहे, तीन विशिष्ट लँड जमवून सात माना काढणारा ट्रॉन आहे, ज्याला समोरच्याला लक्ष्यच करता येत नाही अशा छोट्या प्राण्यावर मंत्रांची चळत रचणारा बोगल्स आहे, आणि आर्टिफॅक्ट, म्हणजे यंत्रे-वस्तूंच्या, कार्डांचा अ‍ॅफिनिटी आहे. ही सगळी नुसती नावे नसून यांतला कोणताही डेक नीट खेळणारा माणूस स्पर्धेत वरच्या क्रमांकांत येऊ शकतो. कॉमन म्हटल्यावर दुबळी कार्डे असतील अशी समजूत करून येणाऱ्याला धक्का बसतो. ब्रेनस्टॉर्म, पॉन्डर आणि काउंटरस्पेल ही तिन्ही येथे चारचार प्रतींत चालतात, आणि त्यांपैकी पॉन्डरवर मॉडर्नमध्ये २०११ पासून बंदी आहे.

उत्तर उपलब्ध असणे म्हणजे काय ते एका उदाहरणाने दाखवतो. टोलेरियन टेरर हे २०२२ चे निळे कार्ड. किंमत सात माना, परंतु आपल्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जितके इन्स्टंट आणि सॉर्सरी (एकदाच वापरायचे स्पेल) असतील तितके माना त्यातून वजा होतात. थॉट स्कावर टाकावा, स्वतःचीच दोन कार्डे ग्रेव्हयार्डमध्ये लोटावीत, वर एक कार्ड ओढावे, असे दोन-तीनदा केले की तिसऱ्या-चौथ्या टर्नला पाच ताकदीचा आणि पाच टणकपणाचा राक्षस एक-दोन मानांत टेबलावर येतो. त्याला लक्ष्य करायचे तर दोन माना जास्तीचे मोजावे लागतात, म्हणजे दोन मानांचे कास्ट डाउन चारला पडते, आणि तेवढ्यात समोरच्याकडे आपला स्पेल अडवणारा काउंटरस्पेल तयार असतो. हे वाचून हा डेक अजिंक्य वाटेल. प्रत्यक्षात मात्र चेनर्स ईडिक्ट प्राण्याला लक्ष्य करतच नाही, खेळाडूलाच एक प्राणी बळी द्यायला लावतो, त्यामुळे तो जादा खर्च लागू होत नाही. एका मानाचे रेलिक ऑफ प्रोजेनिटस हे कोणत्याही रंगाच्या डेकमध्ये बसते आणि ग्रेव्हयार्डच साफ करून टाकते, आणि मग टेररची किंमत पुन्हा सातावर जाते. टेरर खेळणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो रेलिक येण्याआधी घाई करायची की काउंटरस्पेलसाठी थांबायचे याचा विचार करतो. निकोप फॉरमॅटमध्ये डाव असा दोन्ही बाजूंनी चालतो.

मग आजार कोठून येतात? गेल्या काही वर्षांतल्या बंदीची यादी काढून प्रत्येक कार्ड मुळात कशासाठी छापले होते ते पाहिले, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते : त्यांपैकी जवळजवळ एकही पॉपरसाठी बनवलेले नव्हते. पेरेग्रिन ड्रेक हा निळा प्राणी २०१६ च्या जूनमध्ये इटर्नल मास्टर्स या पुनर्मुद्रणाच्या संचात कॉमन करण्यात आला. तो टेबलावर येताना वापरून झालेले पाच लँड पुन्हा वापरण्याजोगे करतो, म्हणजे फुकटच पडतो, आणि कार्डे क्षणभर खेळाबाहेर नेऊन परत आणणाऱ्या घोस्टली फ्लिकर या स्पेलबरोबर त्याचे अनंत चक्र बसते. नोव्हेंबरपर्यंत त्याला घालवावे लागले. २०१९ मध्ये आर्कम्स अ‍ॅस्ट्रोलेब जूनमध्ये आले आणि ऑक्टोबरमध्ये गेले, कारण त्याने हव्या त्या रंगाचे माना इतके सोपे केले की दोन रंगांत राहण्याचे कारणच उरले नाही. २०२१ मध्ये चॅटरस्टॉर्मने खारींचा एवढा मोठा थवा एका टर्नमध्ये उतरवला की तीन महिन्यांत त्यावर बंदी आली. स्टॉर्म हा गुणधर्म (त्या टर्नमध्ये आधी जितके स्पेल टाकले तितक्या जादा प्रती देणारा) असलेली ग्रेपशॉट आणि एम्प्टी द वॉरन्स ही कार्डे याच कारणाने २०१३ मध्येच हद्दपार झालेली असताना तोच प्रकार पुन्हा कॉमनमध्ये का छापला, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

२०२२ च्या जूनमधील प्रकरण तर सर्वांत बोलके आहे. चार जणांनी मिळून खेळायच्या कमांडर या प्रकारासाठी काढलेल्या संचात इनिशिएटिव्ह नावाचा एक गुणधर्म होता. ज्याच्याकडे इनिशिएटिव्ह आहे तो दर टर्नला एका काल्पनिक तळघरात एक खोली पुढे सरकतो आणि प्रत्येक खोलीत त्याला काही ना काही लाभ मिळतो; दुसऱ्याने त्याला प्राण्याने मारले की इनिशिएटिव्ह त्या दुसऱ्याकडे जातो. चौघांत हे ठीक चालते, कारण तिघे मिळून एकाला मारतात. दोघांच्या डावात मात्र ज्याने पहिल्यांदा तो मिळवला त्याच्याकडून तो काढून घेणारा एकच असतो आणि बहुधा त्याच्याकडे पुरेसे प्राणी नसतात. काही डेकनी झटपट माना काढून दुसऱ्याच टर्नला असे कार्ड उतरवायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरमध्ये अशा चार कार्डांवर एकदम बंदी घालावी लागली. संच बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पॉपरचे टेबल नव्हते, आणि खरे सांगायचे तर असायचे कारणही नव्हते. कंपनी कॉमन कार्डे बनवते ती मुख्यतः पाकिटे फोडून जागच्या जागी डेक बांधणाऱ्यांसाठी, किंवा पुनर्मुद्रणाच्या संचात संख्या भरण्यासाठी. मोनॅस्टरी स्विफ्टस्पियर २०१४ पासून अनकॉमन होते. ते २०२२ च्या एका पुनर्मुद्रण संचात कॉमन झाले आणि लाल डेक इतका वेगवान झाला की २०२३ च्या डिसेंबरात त्याला जावे लागले. ऑल दॅट ग्लिटर्स २०२३ च्या ऑगस्टमध्ये असेच खाली उतरले आणि पुढच्या मे महिन्यात बंदीच्या यादीत गेले.

हा झाला स्वस्ताईचा तोटा. कॉमन कार्डाकडे बनवणाऱ्याचे बारीक लक्ष नसते, म्हणून या फॉरमॅटला वर्षाकाठी एखादा तरी अपघात ठरलेला. पण त्याच स्वस्ताईची दुसरी बाजू अशी की, कार्ड काढून टाकण्याचा निर्णय घेताना कोणाचा हात फारसा अडखळत नाही. मॉडर्नशी तुलना केली की हे स्पष्ट होते. तेथे द वन रिंग हे कार्ड २०२३ च्या जूनमध्ये आले आणि २०२४ च्या डिसेंबरात त्यावर बंदी आली. दीड वर्ष ते डेकामागून डेकात दिसत राहिले, आणि त्याच्या चार प्रती घेण्यासाठी लोकांनी भारी रक्कम मोजली होती. नाडू, विंग्ड विजडम हा पक्षी २०२४ च्या जूनमध्ये आला, त्याच महिनाअखेरीस अ‍ॅम्स्टरडॅमची प्रो टूर ही व्यावसायिकांची स्पर्धा सायमन नील्सन यांनी त्याच्या जोरावर जिंकली, आणि ऑगस्टच्या २६ तारखेला तो गेला. हे कार्ड ज्या स्वरूपात छापले त्या स्वरूपात त्याची खेळून चाचणीच झाली नव्हती, हे ते रचणाऱ्यानेच नंतर मोकळेपणाने लिहिले. त्या मोकळेपणाबद्दल मला आदर आहे, पण ज्याने तो डेक विकत घेतला त्याचे पैसे त्याने परत येत नाहीत. स्टँडर्डमध्ये तर २०२५ च्या जूनअखेर एकाच दिवशी सात कार्डांवर बंदी आली. पाकिटे विकली जातात ती रेअर आणि त्याहूनही दुर्मिळ अशा मिथिक कार्डांच्या ओढीने. त्यांवर बंदी घालताना कंपनीला हिशेब करावा लागणे स्वाभाविक आहे. कॉमन कार्डावर बंदी घातल्याने कोणाचाच माल पडून राहत नाही, आणि खेळणाऱ्याचे फार तर चार वडापावांचे नुकसान होते.

या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेणारी यंत्रणा पॉपरला २०२२ च्या जानेवारीत मिळाली, आणि माझ्या मते या फॉरमॅटच्या इतिहासातील ती सर्वांत महत्त्वाची घटना आहे. गॅव्हिन वर्हे हे कंपनीतले रचनाकार आणि त्यांच्या जोडीला अमेरिका, ब्रिटन, इटली, ब्राझील आणि जपान येथील सहा जाणते खेळाडू, अशी पॉपर फॉरमॅट पॅनल नावाची समिती नेमण्यात आली. तिच्याआधी निर्णय होत नव्हते असे नाही. २०१९ च्या मे महिन्यात गश, गिटाक्सियन प्रोब आणि डेझ या तीन निळ्या कार्डांना एकाच सोमवारी काढण्यात आले आणि निळ्या डेकांची वर्षानुवर्षांची दादागिरी त्याने बरीच कमी झाली. गश फुकट टाकता येत असे, स्वतःची दोन आयलंड हातात परत घेतली की झाले, आणि अशा फुकट स्पेलसमोर मानांचा हिशेब करून खेळणारा नेहमी मूर्ख ठरत असे. तेव्हा ती बंदी योग्यच होती. परंतु त्या काळी निर्णय कधी येईल आणि का येईल याचा खेळाडूंना पत्ता नसे, आणि चॅटरस्टॉर्मच्या उन्हाळ्यात तर ऑनलाइन स्पर्धांना येणारेही कंटाळले होते.

समितीने पहिल्याच निर्णयात एटॉग, बॉन्डर्स ऑर्नामेंट आणि प्रोफेटिक प्रिझम यांच्यावर बंदी घातली, म्हणजे अ‍ॅफिनिटी आणि ट्रॉन या दोघांनाही एकाच वेळी चाप लावला. मार्चमध्ये गॅल्व्हॅनिक रिले आणि डिसायपल ऑफ द व्हॉल्ट गेली, पण त्याच घोषणेत २०२० मध्ये बंदी घातलेला एक्स्पेडिशन मॅप परत आणला. मला समितीचा हा गुण विशेष आवडतो की, ती काढते तशी परतही देते. प्रत्येक निर्णयाबरोबर लांबलचक स्पष्टीकरण येते, त्यात ज्या कार्डावर बंदी घातली नाही त्याचाही विचार का आणि कसा झाला हे सांगितलेले असते, आणि वाचणाऱ्याला निर्णय पटला नाही तरी तर्क कळतो. २०२४ मध्ये तर मॉडर्न होरायझन्स ३ हा संच दुकानात येण्याआधीच त्यातल्या क्रेनिअल रॅमवर बंदी जाहीर झाली, कारण ऑल दॅट ग्लिटर्स काढून त्याचे भावंड आत घेण्यात काही अर्थ नव्हता. २०२५ च्या मार्चअखेरीस डेडली डिस्प्यूट, कुल्डोथा रिबर्थ आणि बास्किंग ब्रूडस्केल ही तीन कार्डे काढतानाच हाय टाइड आणि प्रोफेटिक प्रिझम यांना चाचणीच्या अटीवर मोकळे करण्यात आले. चाचणी हा शब्द आधीच उच्चारलेला असल्यामुळे जो डेक बांधेल त्याला ते कार्ड पुन्हा जाऊ शकते याची कल्पना असते. महागड्या फॉरमॅटमध्ये असा प्रयोग करणे कठीण. तेथे चाचणीच्या नुसत्या बातमीने त्या कार्डाचा भाव दुपारपर्यंत कोठल्या कोठे जाईल.

ब्रूडस्केलचे प्रकरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण तक्त्यात जे दिसत नाही ते त्यात दिसते. या दोन मानांच्या सरड्यावर वाढीचा काउंटर, म्हणजे ताकद वाढल्याची खूण, पडला की एक बारीक पिल्लू जन्मते, आणि त्या पिल्लाचा बळी दिला की एक माना मिळतो. त्या सरड्यावर सॅडिस्टिक ग्ली हे एका मानाचे काळे कार्ड चढवले की कोणताही प्राणी मेला तरी सरड्यावर काउंटर पडतो. पिल्लू मारावे, काउंटर पडतो, नवे पिल्लू येते, ते मारावे. हे चक्र कधीच थांबत नाही आणि माना अमर्याद होतात. कागदी स्पर्धेत खेळाडू हे एकदा करून दाखवतो आणि आता दहा लाख वेळा केले असे म्हणतो, आणि नियमाने ते मान्य होते. मॅजिक ऑनलाइनवर अशी सवलत नाही. तेथे प्रत्येक फेरी माउसने दाबून करावी लागते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र घड्याळ चालू असते. त्यामुळे अनंत चक्राचे डेक ऑनलाइन निकालांत त्यांच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी भरतात, आणि पॉपरची बहुतांश उपलब्ध आकडेवारी ऑनलाइनच असते. इटलीतील पॉपरगेडन या भल्यामोठ्या कागदी स्पर्धेचे निकाल म्हणूनच मोलाचे आहेत. पॉपरची प्रो टूर होत नाही. मोठ्या बक्षिसाच्या आशेने महिनाभर कसून डेक घासणारे संघ या फॉरमॅटकडे वळत नाहीत. याने फॉरमॅट शांत राहतो हे खरे, पण त्याची कसून तपासणीही होत नाही.

आता ज्या गंभीर दोषाचा उल्लेख आरंभी केला त्याकडे वळतो. २००३ च्या मिरॉडिन संचात आर्टिफॅक्ट असलेल्या लँड आल्या. अ‍ॅफिनिटीचे सारे बळ त्यांत आहे : चार आर्टिफॅक्ट टेबलावर असली की पाच मानांचे थॉटकास्ट एका मानात पडते आणि दोन कार्डे देते, तीन असली की एका मानाचे गॅल्व्हॅनिक ब्लास्ट दोनऐवजी चार मार देते. या बळाची किंमत म्हणजे त्या लँड नाजूक होत्या. गोरिला शामन हे १९९६ चे एका मानाचे माकड समोर आले की दर मानाला एक लँड मोडत असे, आणि अ‍ॅफिनिटीवाल्याला घाम फुटत असे. हा सौदा चोख होता. २०२१ च्या मॉडर्न होरायझन्स २ मध्ये दहा ब्रिज आले, म्हणजे दोन-दोन रंगांच्या, टॅप होऊन (म्हणजे त्या टर्नला माना न देता) येणाऱ्या, पण न मोडणाऱ्या आर्टिफॅक्ट लँड. माकड बेकार झाले. इतकेच नव्हे, तर लँड मोडण्याचे स्पेल उलटे त्यांच्या मालकाच्या उपयोगी पडू लागले : क्लीन्सिंग वाइल्डफायर स्वतःच्याच ब्रिजवर टाकावे, ब्रिज जागचा हलत नाही, भरपाई म्हणून डेकमधून एक लँड टेबलावर येते आणि वर एक कार्ड ओढायला मिळते. दोन मानांत एवढा फायदा देणारा आणि ज्याला उत्तरच नाही असा व्यवहार मला खटकतो.

उत्तर अगदीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डस्ट टू डस्ट हे १९९४ चे पांढरे कार्ड तीन मानांत दोन आर्टिफॅक्ट खेळाबाहेर घालवते, आणि न मोडण्याचा गुण त्यापुढे चालत नाही. परंतु तो इलाज एकाच रंगाकडे आहे. समितीने अ‍ॅफिनिटीच्या बाबतीत आजवर लँडना हात न लावता भोवतालची कार्डे उचलली, एटॉग उचलला, डिसायपल उचलले, ग्लिटर्स उचलले, आणि प्रत्येक वेळी डेक थोडा मंदावला व पुढच्या संचातून काहीतरी घेऊन परत आला. ब्रिज काढले तर दोन-तीन आवडते डेक एकदम मोडतील ही समितीची अडचण मला समजते. तरीही या दहा लँडचा निकाल एकदा लावावा असेच मी म्हणेन. जुन्या मिरॉडिन लँड राहू द्याव्यात, त्यांच्यावर माकडे सोडता येतात.

दुसरे गाऱ्हाणे लहान आहे. पायरोब्लास्ट आणि हायड्रोब्लास्ट ही जोडी एका मानात अनुक्रमे निळ्या आणि लाल कार्डांचा निकाल लावते, टाकले जात असताना अडवते आणि टेबलावर असेल तर नष्ट करते. निळा आणि लाल हे दोन रंग येथे सर्वांत बलवान असल्यामुळे ही वेसण लागतेच, आणि तिच्यामुळेच ते रंग मर्यादेत राहतात. पण परिणाम असा होतो की, पंधरा कार्डांच्या साइडबोर्डातली सहा ते आठ आधीच ठरलेली असतात आणि डेक बांधणाऱ्याच्या कल्पकतेला उरलेल्या सात ते नऊ जागाच मिळतात. तिसरी गोष्ट वेळेची. फॅमिलियर्स किंवा जुना फ्लिकर ट्रॉन यांसारखे डेक डाव जिंकतात ते समोरच्याला कंटाळा येईपर्यंत. स्टोनहॉर्न डिग्निटरी टेबलावर आला की समोरच्याची पुढची लढाई रद्द होते. घोस्टली फ्लिकर आणि नेमोनिक वॉल यांच्या मदतीने त्याला दर टर्नला आत-बाहेर करीत राहिले की लढाई कायमचीच रद्द. पन्नास मिनिटांच्या फेरीत अशा दोघांची गाठ पडली तर तिसरा डाव सुरू होत नाही. हे डेक थोड्या लोकांकडे असतात, म्हणून सोडून द्यावे.

आपल्याकडच्या खेळाडूंच्या दृष्टीने या सगळ्याला एक वेगळेच वजन आहे. मॅजिकची सुटी कार्डे आपल्याकडे बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागतात, त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, आणि मॉडर्नचा एक चांगला डेक हजार डॉलरच्या घरात जात असताना तो मागवून पुढच्या बंदीची वाट पाहत बसणे मध्यमवर्गीय माणसाला शोभत नाही. पॉपरचा बहुतेक कोणताही डेक शंभर डॉलरच्या आत होतो आणि पुष्कळसे त्याच्या निम्म्यात. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे एखाद्या लहान मंडळीत एकाच माणसाने चार-पाच डेक बांधून पेटीत ठेवले आणि बाकीच्यांनी ते आळीपाळीने घेतले, तरी चालते. अशा ठिकाणी ‘निरोगी फॉरमॅट’ याचा अर्थ पेटीतला एकही डेक नेहमी उरून राहू नये एवढाच असतो, आणि लाल डेक, फेअरी, टेरर, एल्फ आणि गेट्स या पाचांत ती अट पूर्ण होते. अ‍ॅफिनिटी मी अशा पेटीत घालणार नाही. नवख्याच्या हाती तो कठीण जातो, आणि जाणत्याच्या हाती इतरांना.

काही जुनी कॉमन कार्डे नावापुरतीच स्वस्त आहेत, हे मात्र खरेदीआधी लक्षात ठेवावे. ज्यांचे पुनर्मुद्रण वर्षानुवर्षे झाले नाही त्यांचे भाव चढतात, आणि स्नफ आउटसारख्या कार्डाच्या चार प्रतींना कधीकाळी अख्ख्या लाल डेकइतके पैसे पडत. तेव्हा पहिला डेक कोणताही निवडा, पण ऑर्डरमध्ये चार पायरोब्लास्ट, चार हायड्रोब्लास्ट आणि दोन-तीन रेलिक ऑफ प्रोजेनिटस आधी टाका. लाल-निळ्याच्या या गावात डेक बदलला तरी ती दहा-अकरा कार्डे पुन्हा घ्यावी लागत नाहीत. पांढरा रंग खेळणार असाल तर त्यात डस्ट टू डस्टच्या तीन प्रती वाढवा, कारण ब्रिज तूर्तास कोठे जात नाहीत.